खारी काडतुसं

शनिवार, १७ ऑगस्ट १९९१

डोलोरेसने ही वही आणून दिली. म्हणाली, "दिवसभर मला जे ऐकवतोस ना एमिल, ते आता हिला ऐकव. ही उलट बोलत नाही." बायको मस्करी करते आहे की खरंच वैतागली आहे, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळत नाही. वहीच्या रेघा इतक्या फिक्या आहेत की अक्षर डोंगर चढल्यासारखं वर चाललंय. हल्लीचे कारखानदार शाईतसुद्धा चोरी करतात.

तर ऐक बाई वही. म्हातारा लिंडमन गेला आणि त्याच्या पोरांनी तळघरातला सगळा माल लिलावात काढला. त्यातले फौजी काडतुसांचे पत्र्याचे डबे आमच्या रायफल क्लबने उचलले. डब्यांवरची कागदी लेबलं ओलीने खाल्लेली. आत सगळा गोपाळकाला. कुठल्या सालची, कुठल्या कारखान्याची, कशाचा कशाला पत्ता नाही. ऑक्टोबरात आमची जुन्या रायफलींची स्पर्धा असते. तीत सगळे जण क्लबच्याच कोठीतली काडतुसं उडवतात आणि कोठीतली काडतुसं कुणी तपासायची, तर मी. गिरणीत होतो तेव्हा पोलादाची जाडी तपासायचो, आता पितळेची बुडं तपासतो. पगार दोन्हीकडे सारखाच वाटतो.

क्लबहाउसात आज बसलो तर दिसेना. आमचे अध्यक्ष केन राईट्झ यांनी जुने पिवळे दिवे काढून काटकसरीच्या ट्यूबलाइटच्या नळ्या लावल्यात. मी म्हणालो, "केन, हा दिवा आहे की दिव्याचा फोटो?" तो म्हणाला, "एमिल, सगळ्यांना दिसतंय." सगळ्यांना काय, बिअरचा डबा दिसला की पुरे.

मंगळवार, २० ऑगस्ट

दिवसभर वर्गवारी. स्टॅश वोयटास मदतीला होता, म्हणजे कॉफी पीत शेजारी बसला होता. शाळेपासून तो माझ्या शेजारीच बसतो. तिथेही नक्कल माझीच करायचा.

आमच्या क्लबात काडतुसांचे दोनच धर्म. खारी आणि गोडी. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते, जुन्या फौजी काडतुसात तिच्या मसाल्यात क्षार असतो. बार उडाला की तो नळीत चिकटतो, हवेतलं पाणी ओढतो आणि बघता बघता नळीचं आतून वाटोळं करतो. तेल कितीही चोपडा, तो ढिम्म हलत नाही. गरम साबणपाणीच ओतावं लागतं. ही खारी. पुढे फौजेने मसाला बदलला, ती गोडी, तिला तेलाची चिंधी पुरते. बुडावरच्या शिक्क्यात साल असतं. चोपन्नच्या आधीची दिसली की मी खारी समजतो, नंतरची गोडी. हे सगळं वहीला सांगतोय, कारण डोलोरेसला सांगितलं की ती रेडिओ लावते.

शेवटच्या डब्यात एकाच सालचा मोठा ढीग निघाला. स्पर्धेला पुरून उरेल एवढा. मी भिंग लावलं, उजेडाकडे धरलं. पाच आणि सहा. छप्पन्न. गोडी! बरं वाटलं.

स्टॅशने एक उचललं. "मला पन्नास वाटतंय रे."

"सहाचं शेपूट झिजलंय."

त्याने अजून दोन-चार पाहिली. "सगळ्यांची शेपटं झिजली?"

"ठसा मारायचं यंत्रच झिजलं असेल. गिरणीत काम केलंयस की झोपा काढल्यास?"

स्टॅश बराच वेळ काडतुसाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "खिळा ठेवून बघायचा का?"

मला तिडीकच आली. खिळ्याची परीक्षा नवशिक्यांसाठी असते. गोळी उपटायची, दारू ओतून टाकायची, नुसती टोपी रायफलीत उडवायची आणि उडवताना नळीच्या तोंडाशी घासूनपुसून चकचकीत केलेला खिळा ठेवायचा. मग तो खिळा ओल्या जागी ठेवून द्यायचा. गंजला तर खारी, नाही तर गोडी. ज्याला वाचता येत नाही त्याने खिळे मांडावेत. मी म्हणालो, "मी सुतार नाही, स्टॅश."

"बरं," तो म्हणाला. "तू म्हणतोस तर छप्पन्न." आणि दोन काडतुसं खिशात टाकली. मी म्हणालो, "चोरतोस?" म्हणाला, "आठवण म्हणून नेतो." साठी उलटली तरी पोरकटपणा जात नाही.

रविवार, २५ ऑगस्ट

आमची टपालपेटी कोणीतरी रस्त्याच्या बाजूला अर्धा हात सरकवली असावी. गाडी आत घेताना घासली. डोलोरेस म्हणाली, "पेटी तुझ्या बापाने गाडलीय, ती कुठे जाईल?" यापुढे चर्चला जाताना गाडी ती चालवणार म्हणे. चालवू दे. मला तेवढीच झोप.

शनिवार, ७ सप्टेंबर

नाकाला मिरच्या झोंबल्यात.

आज सरावाचा दिवस होता. मी तपासलेला माल मी वाटला. सगळं ठीक चाललं होतं आणि तिसऱ्या बाकावरून बार झाला तो सरळ लाल रेघ ओढत मातीच्या बांधात घुसला. जळती गोळी! फौजेत गोळी कुठे चालली ते दिसावं म्हणून वापरतात ती. तिचं टोक नारिंगी रंगवलेलं असतं, म्हणूनच मी ती वेगळी काढून ठेवतो. बांधावरचं गवत वाळून कडकडीत झालेलं. पेटलं. माणसं कोट काढून धावली. केनने हातातली बिअर ओतली आणि नंतर आयुष्यभराचं दान केल्यासारखा चेहरा करून उभा राहिला.

आग विझली. क्लबहाउसात परतल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"ते काडतूस माझ्या ढिगातलं नाही," मी म्हणालो. "कोणीतरी खिशातून आणून घातलं."

केनने उरलेल्या ढिगात हात घालून आणखी एक काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "हे काय आहे?"

"वार्निश चढलंय. तपकिरी आहे."

"एमिल, हे भोपळ्यासारखं नारिंगी आहे."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. या नळ्यांच्या उजेडात काहीही नारिंगी दिसेल. मी त्याला हजार वेळा सांगितलं होतं, जुने दिवे लाव.

गुरुवार, १२ सप्टेंबर

क्लबची बैठक. केनचा ठराव असा की यापुढे कोठी दोघांनी मिळून तपासावी. म्हणजे माझ्यावर पहारेकरी. बोलला मात्र मधात घोळून. "तुझ्यावरचा भार हलका होईल, एमिल." भार मी मागितला होता का हलका करून?

मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं, "एक तर मी तपासतो, नाही तर तुम्ही तपासा. हातात हात घालून काडतुसं बघायला हे काही लग्न नाही." ही कोठी गेली तर शनिवारी सकाळी उठून मी करायचं काय? गिरणी बंद पाडली, पोरगी पिट्सबर्गला गेली, उरलं एवढंच. हे अर्थातच बोललो नाही.

तेव्हा स्टॅश उठला. चारचौघांत कधी तोंड न उघडणारा माणूस. म्हणाला, "ऑक्टोबरची स्पर्धा आहे. एमिल छप्पन्न म्हणाला ना, मग मी ती माझ्या रायफलीत घालतो. ज्याला नको त्याने घरून आणावीत." आणि खाली बसला.

ठराव पुढे ढकलला. स्टॅशला परत येताना एक बिअर पाजली. त्याने ती अर्धीच ठेवली. पोट बिघडलं असेल.

शनिवार, २१ सप्टेंबर

उरलेला सगळा ढीग पुन्हा तपासला, अगदी डोळ्यांत तेल घालून. नारिंगी एकही नाही. शंका येईल ते सरळ बाजूला टाकलं, त्यामुळे चांगला मालही थोडा गेला. स्टॅश दुपारी आला, मी घरी जेवायला जातो म्हणून तो कोठीची राखण करत बसला. परत आलो तर ढीग मला जरा कमी वाटला. त्याला विचारलं तर म्हणे, "बसून बसून आकसला असेल."

शनिवार, ५ ऑक्टोबर

स्पर्धा झाली. मी जिंकलो असं नाही म्हणता येणार.

आधी चांगलं ते लिहितो. एकही काडतूस फुसकं निघालं नाही. एकही रेघ नाही, आग नाही. आणि मी आणली होती बाबांची रायफल. बाबांना या देशाचं नागरिकत्व मिळालं त्या वर्षी त्यांनी ती घेतली. खाणीतून आले की आधी हात धुवायचे, मग तिला हात लावायचे. ती स्वयंपाकघराच्या दारावर टांगलेली असायची आणि आई म्हणायची, "येशूचं चित्र त्या भिंतीवर आणि ही या भिंतीवर, घरात देव नक्की कोण?" बाबा गेल्यावर मला ती मिळाली. दर हरणांच्या मोसमाला तीच नेतो. दुसरी घ्यायचं कधी मनातही आलं नाही.

आता वाईट. माझे नेम कुठच्या कुठे गेले. समोरच्या निशाणाच्या काळ्या वर्तुळाच्या कडा धूसर छापल्या होत्या, हे कागदही हल्ली स्वस्तातले आणतात. वर दारू जुनी, प्रत्येक बाराचा जोर वेगळा. मग स्टॅश कसा दुसरा आला, असं केनने विचारलं. कुणाचं नशीब हिरावता येतं का?

पण खरी गंमत नंतर झाली. आमच्याकडे रीत अशी की जुन्या रायफलींची स्पर्धा संपली की क्लबहाउसच्या शेगडीवर मोठ्या किटल्या चढतात, आणि रायफली मागच्या ओसरीवर रांगेत उलट्या उभ्या राहतात. ज्याने त्याने आपल्या नळीत नरसाळं लावून, त्यात साबणाचा चुरा टाकून उकळतं पाणी ओतायचं. काळं पाणी जिन्यावरून वाहत जातं आणि बायका नावं ठेवतात. आज सवयीने सगळ्यांनी किटल्या चढवल्या. मी टाळ्या वाजवून म्हणालो, "मंडळी, हे पाणी कॉफीला वापरा! छप्पन्नचा माल आहे, गोडा. तेलाची चिंधी फिरवा आणि घरी जा."

सगळे थबकले. स्टॅश सगळ्यांत पुढे होता, हातात वाफाळती किटली, रायफलीत नरसाळं लावलेलं. केन एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता. मला तेव्हा कळलं की या किटलीवर माझी कोठी उभी आहे. स्टॅशने पाणी ओतलं तर त्याचा अर्थ एकच.

स्टॅशने नरसाळं काढलं. किटली घेऊन आत गेला आणि त्या पाण्याची कॉफी केली. स्वतः कप भरून सगळ्यांना दिली. मग एकेकाने आपापलं नरसाळं उतरवलं. माझ्या छातीवरून मोठा दगड उतरला. इतकी बेचव कॉफी आणि इतकी गोड कधी प्यालो नव्हतो.

घरी आलो, चिंधी फिरवली, रायफल तळघरातल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. जेवण झाल्यावर स्टॅशचा फोन आला. डोलोरेसने घेतला. बराच वेळ हळू आवाजात चाललं होतं. काय म्हणत होता विचारलं तर म्हणे, "हालुष्की करताना कोबी आधी परतायचा की बटाटा, ते विचारत होता." स्टॅश! ज्याला पाणी उकळताना करपतं तो!

मग डोलोरेस म्हणाली, "मी किटली ठेवलीच आहे. तुझी रायफल धुऊन टाकायची का?"

"तूही? आता तूही?" मी ओरडलोच. "गोडी आहेत म्हणून सांगितलं ना सगळ्यांसमोर!"

"बरं, बरं. किल्ली दे, मी नुसतं कपाट पुसते."

कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात असते, क्रुसाच्या शेजारी. ती तिथेच राहिली.

गुरुवार, १० ऑक्टोबर

चर्चच्या तळघरात बायकांचा पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, करण्याचा दिवस. बटाट्याची पातेली उचलायला मला नेतात. केनची बायको नॉर्मा कणीक लाटता लाटता म्हणाली, "शनिवारी रात्री आमचा टब काळाभोर झाला होता. दोन वेळा घासला तरी निघेना. तुमच्या घरीही असंच झालं का गं?" पलीकडची म्हणाली, "आमच्या घरी तर बादली." डोलोरेसने नॉर्माला कोपराने ढोसलं आणि मग सगळ्या एकदम हवामानावर बोलायला लागल्या.

नॉर्माच्या घराची नळजोडणी पहिल्यापासून वाईट आहे. मी केनला मागे सांगितलं होतं.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

पाऊस, पाऊस, पाऊस. तळघराच्या भिंती घामेजल्यात. धुतलेले कपडे वाळत नाहीत आणि पांढरे सगळे पिवळट दिसतात. डोलोरेसला साबण बदल म्हणालो. तिने साबणाची वडी उचलली आणि माझ्यापुढे आपटली. "तू बदल," म्हणाली.

वर्तमानपत्रही बंद करावं म्हणतो. शाई नाहीच, नुसता करडा कागद.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आज काही लिहीत नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर

लिहितो.

काल हरणांच्या मोसमाआधी रायफल तपासून घ्यायचा दिवस होता. कपाट उघडलं. बाबांच्या रायफलीचा बोल्ट जरा अडला. थंडीने तेल घट्ट होतं, म्हणून मी जोर लावला. नळीतून पाहिलं तर आत नेहमीसारखी चमक नव्हती. तळघरातला बल्ब मंदावला असेल म्हटलं. चिंधी फिरवली ती तपकिरी निघाली, म्हटलं जुनं ग्रीस असेल.

क्लबात गेलो. माझे बार लक्ष्याच्या पाटीवरच बसेनात. दोन-तीनांनी आपल्या बंदुका खाली ठेवल्या आणि नुसते उभे राहिले. स्टॅश माझ्या बाकापाशी आला. त्याने रायफल माझ्या हातून घेतली, रिकामी केली आणि नळीच्या तोंडात करंगळी घातली. त्याचा चेहरा कसा झाला होता ते मला नीट दिसलं नाही. पण तो बराच वेळ करंगळी काढेना.

"डोलोरेसने धुतली नाही?" तो म्हणाला.

"डोलोरेसचा काय संबंध?"

"एमिल, चल. माझ्या गॅरेजात चल."

स्टॅशच्या गॅरेजात खिडकीच्या कट्ट्यावर एक फळी आहे. फळीवर दोन खिळे, शेजारी शेजारी. तो म्हणाला, "हा एक माहितीतल्या गोड्या काडतुसाचा आहे. हा तुझ्या छप्पन्नचा. बघ."

मी वाकून बघितलं. दोन्ही सारखे. चांगले खिळे होते, मी तसं म्हणालो. "बघ, दोन्ही स्वच्छ. उगाच माझं डोकं खाल्लंस."

स्टॅशने माझं मधलं बोट धरलं, लहान मुलाचं धरतात तसं, आणि पहिल्या खिळ्यावरून फिरवलं. गुळगुळीत. मग दुसऱ्यावरून. खरखर. पॉलिश पेपरसारखी खरखर, टोकापासून डोक्यापर्यंत. मी बोट काढलं आणि पुन्हा स्वतःहून फिरवलं. वरून भुकटी पडली ती नखात गेली. वाकून पुन्हा बघितलं. तरीही मला तो स्वच्छच दिसत होता.

गॅरेजात ऊन होतं. केनच्या नळ्या नव्हत्या. बल्ब नव्हता. दोष द्यायला काहीच नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"खिळे? ऑगस्टपासून."

"तुला माहीत होतं. तरी तू कॉफी केलीस."

"हो."

"आणि तुझी रायफल?"

"घरी जाऊन धुतली. त्याच संध्याकाळी." तो फळीकडे बघत बोलत होता. "सगळ्यांना फोन केले. सगळ्यांनी धुतल्या. आणि त्या आधी, तू जेवायला गेलास तेव्हा मी ढिगातली नारिंगी काढून नेली. अजून होती, एमिल. बरीच होती."

नॉर्माचा टब. कोणाची तरी बादली. कोबी आधी की बटाटा. सगळं एकदम माझ्या डोक्यात कोसळलं. सबंध क्लब माझ्यासमोर तेलाच्या चिंध्या फिरवत होता आणि घरी जाऊन दारं लावून टबात रायफली धूत होता, चोरून, जणू काही पाप करताहेत. आणि मी कॉफी पीत होतो.

मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. अर्धं स्लोव्हाकमध्ये होतं, स्टॅश पोलिश असला तरी त्याला सगळं कळलं. शेवटी म्हणालो, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. खिळा ठेवूया म्हणालो. तू मला सुतार म्हणालास."

"मी स्वतःला म्हणालो होतो! आणि माझी रायफल? बाबांची रायफल?"

"डोलोरेसला सांगितलं होतं मी. मला वाटलं तिने धुतली."

घरी आलो. डोलोरेस दारातच होती. म्हणाली, "किल्ली तुझ्या गळ्यात होती. मी मागितली, तू ओरडलास. मला वाटलं स्टॅश तुला सांगेल. त्याचं तरी तू ऐकशील." आणि रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

सबंध क्लबात गंजलेली रायफल एकच. तिच्या मालकाने माझ्यावर विश्वास ठेवला होता.

बुधवार, २० नोव्हेंबर

दोन दिवस साबणपाणी, तारेचा ब्रश, तेल, पुन्हा पाणी. स्टॅश दोनदा दारावर येऊन गेला, मी उघडलं नाही. नळीतून हात भरून गंजाचा चिखल निघतो आहे. रंग नीट दिसत नाही, पण चिंधी बोटांत चोळली की कळतं. हरणासाठी ही आता उपयोगाची नाही. तिला काही होऊ नये म्हणून बाबा आधी हात धुवायचे, आणि मी तिला आतून मीठ चारून कुलपात ठेवली.

मला कुणावर चिडायचं तेच कळेना. स्टॅशवर चिडलो की किटली आठवते. डोलोरेसवर चिडलो की किल्ली.

सोमवार, २५ नोव्हेंबर

डोळ्यांचा डॉक्टर. डोलोरेसने गाडी चालवली, मी तोंड फुगवून बसलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाला, "इतके दिवस तुम्ही कसं चालवलंत?" मी म्हणालो, "लोकांनी चालवलं." त्याला काही कळलं नाही. नाताळानंतर एक डोळा, मग दुसरा.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. पोरगी आली, टर्की झाली, कोल्बासी सॉसेज झालं. डोलोरेसने विचारलं, "या टेबलक्लॉथचा रंग कोणता?"

"पिवळट."

"पांढराशुभ्र आहे. लग्नातला आहे. तू मला दर वर्षी पिवळा झाला म्हणून टोमणे मारत आलायस."

मी तिथेच, पोरीसमोर, माफी मागितली. साबणासाठीही. ती म्हणाली, "कशा कशासाठी मागशील? जेव आधी."

सोमवार, २ डिसेंबर

आता डोलोरेसने आणलेल्या जाड काळ्या मार्करने लिहितो. पानावर मावतात जेमतेम आठ ओळी. वही लवकर संपेल.

हरणांच्या मोसमाचा पहिला दिवस. शाळा बंद, दुकानं बंद, सगळं खोरं डोंगरात. कळायला लागल्यापासून या दिवशी मी घरात कधीच नव्हतो. स्वयंपाकघरात बसून बार मोजत होतो. कुठल्या कड्याचा कुठला, ते आवाजावरून कळतं. कान शाबूत आहेत अजून.

दुपारी दार वाजलं. स्टॅश. अंगावर शिकारीचं नारिंगी जाकीट नाही, खांद्याला रायफल नाही. काखोटीला पत्र्याचा डबा.

"आज इथे काय करतोस?" मी म्हणालो. "डोंगरावर जा. पहिला दिवस आहे."

"हरणं उद्याही असतील. केनने हे पाठवलंय. लेबल नाही. तुला विचारून ये म्हणाला."

"मी काय बघणार?"

"तू नको बघू. मी बघतो. तू सांग."

मी आत सरकलो. डोलोरेसने टेबल मोकळं केलं, किटली ठेवली. स्टॅशने चष्मा लावला, एक काडतूस उचललं, खिडकीशी धरलं आणि डोळे बारीक केले. तोही काही तरुण नाही.

"पाच," तो म्हणाला. "मग शून्य." थोडा थांबला. काडतूस फिरवलं. "किंवा सहा."

"नीट बघ, गाढवा."

"बघतोय! घासलंय रे. सहाचं शेपूट असेल, नसेलही."

तो माझ्याकडे बघत होता. मी काय म्हणतो याची वाट बघत, ऑगस्टात बघत होता तसाच.

मी म्हणालो, "खिळा आण."